मंजुरी येईपर्यंत गावाला काहीच सांगू नये का? शाळेची इमारत, आराखडा आणि उपक्रम यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षपदी नुकतीच निवड झालेल्या एका पालक भगिनीने विचारले आहे की, शाळेच्या दोन जुन्या खोल्या भिंतींना तडे गेल्यामुळे बंद ठेवल्या आहेत, दोन वर्ग व्हरांड्यात आणि समाजमंदिरात भरतात, नव्या खोल्यांसाठी प्रस्ताव गेलेला आहे, आणि गावात मात्र "पैसे आले होते, मध्येच खाल्ले" अशी चर्चा चालू आहे. मुख्याध्यापक पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज उपक्रमांची छायाचित्रे टाकतात. परंतु इमारतीविषयी त्यांचे मत असे की, मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय काही बोलू नये, नाहीतर लोक रोज विचारत राहतील आणि काम रखडले की बोल समितीलाच ऐकावे लागतील. हे बरोबर आहे का, गावाला काय, केव्हा, कोणत्या रीतीने सांगावे, आणि मुख्याध्यापकांना त्यासाठी राजी कसे करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी प्रथम मुख्याध्यापक म्हणून आणि नंतर केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा अधिकारी) म्हणून अशाच शाळांमध्ये काम केले आहे, त्यामुळे माझे उत्तर जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेपुरते आहे. नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या शाळेत इमारतीची यंत्रणा वेगळी असते, आणि विनाअनुदानित खाजगी शाळांना तर शिक्षण हक्क कायद्यातील व्यवस्थापन समितीची तरतूदच लागू होत नाही. पुष्कळसे गावावरही अवलंबून आहे. सरपंच आणि समिती यांचे जमते का, मुख्याध्यापकांचे पद भरलेले आहे की एखाद्या शिक्षकाकडे नुसता कार्यभार आहे, पालक वर्षभर गावात असतात की दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, यांवर माझ्या सूचनांचा तपशील बदलेल. गाभा मात्र बदलणार नाही असे मला अनुभवावरून वाटते.

तुमच्या गावात माहिती कमी पडते आहे असे मला वाटत नाही; रोजची छायाचित्रे ही माहितीच आहे. अडचण अशी आहे की लोकांच्या मनातला प्रश्न आणि त्यांना मिळणारे उत्तर यांची गाठच पडत नाही. पालकाला विचारायचे असते की माझे मूल ज्या छपराखाली बसते ते धड आहे का, नवी खोली कुठे अडली आहे, आणि ती अडवणारा माणूस किंवा कार्यालय कोणते. त्याला मिळतात वृक्षारोपणाची आणि रांगोळीची छायाचित्रे. रांगोळी काढणे वाईट नाही, पण भिंतीच्या तड्याविषयी कोणी काही बोलत नाही आणि रांगोळीचे मात्र पाच फोटो येतात, तेव्हा काहीतरी लपवले जात आहे असा समज पक्का होतो. "पैसे खाल्ले" ही चर्चा बहुधा याच मौनातून जन्माला आलेली असते.

मुख्याध्यापकांची भीती मी हलकी मानत नाही. त्यांच्या हातात ना निधी, ना मंजुरी. आणि तरीही गावात रोज भेटणारे शासन म्हणजे तेच. अर्धवट गोष्ट सांगितली की लोक ती पूर्ण झाल्याचे धरून चालतात, हाही त्यांचा अनुभव खरा असणार. तरीसुद्धा गप्प राहणे हा त्यावरचा उपाय नाही, कारण प्रस्ताव गेला ही बातमी गावाला कळतेच. ती समितीकडून कळत नाही, एवढाच फरक. पंचायत समितीत कामाला गेलेला कोणीतरी ऐकून येतो, कोणी पुढारी आपल्या प्रयत्नांनी खोल्या आल्याचे सांगतो, आणि मग दोन वर्षे खोल्या दिसत नाहीत. तेव्हा काय झाले हे विचारायला लोक शाळेतच येतात. समितीने ज्या गोष्टीचे आश्वासन कधी दिलेले नव्हते, तिच्याबद्दल तिलाच उत्तर द्यावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा की आश्वासन देऊ नका, पायरी सांगा. काम आज कोणत्या पायरीवर आहे, पुढची पायरी कोणती, ती कोणाच्या हातात आहे, आणि समितीने त्यासाठी आपल्याकडून काय केले आहे, एवढे सांगितले की अपेक्षा फुगत नाही आणि संशयालाही जागा उरत नाही. यासाठी आधी समितीलाच त्या पायऱ्या नीट माहीत हव्यात, म्हणून त्या थोड्या विस्ताराने सांगतो.

तुमच्या शाळेत खरे तर एक नसून दोन कामे आहेत, आणि गावाच्या बोलण्यात ती एकच झालेली आहेत. पहिले काम जुन्या खोल्या पाडण्याचे. शासकीय इमारत कोणालाही मनाने पाडता येत नाही. आधी तिचे निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी ठरवून सरकारी नोंदीतून रीतसर काढणे, व्हावे लागते. समितीचा ठराव जोडून मुख्याध्यापक प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देतात, जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाचा अभियंता जागेवर येऊन पाहणी करतो, खोली वापरण्यायोग्य राहिलेली नाही असा दाखला देतो आणि तिच्या साहित्याचे मूल्यांकन करतो. त्यानंतर जिल्हा परिषदेत सक्षम पातळीवर मान्यता मिळते, पत्रे, लाकूड, लोखंड यांची रीतसर विल्हेवाट लावली जाते, आणि मग पाडकाम होते. यातली एखादी पायरी राहिली तर पुढचा कागद हलत नाही. कित्येक ठिकाणी पाहणी झालेली असते, पण दाखला प्रस्तावाला जोडलेलाच नसतो, आणि समितीला वाटत असते की प्रस्ताव जिल्ह्याला पोहोचला.

दुसरे काम नव्या खोल्यांचे, आणि त्याचा मार्ग वेगळा आहे. निधी समग्र शिक्षेतून, म्हणजे केंद्र व राज्य यांच्या शालेय शिक्षण योजनेतून, येऊ शकतो, जिल्हा नियोजन समितीच्या जिल्हा वार्षिक योजनेतून येऊ शकतो, क्वचित आमदार-खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्वातून. स्रोत कोणताही असो, अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक असा प्रवास बहुधा असतोच. प्रशासकीय मान्यतेचे पत्र आले की गावात पेढे वाटले जातात, पण त्या दिवशी ना पैसा आलेला असतो, ना ठेकेदार ठरलेला असतो. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवे कार्यारंभ आदेश थांबतात. मार्चअखेर निधी खर्ची पडला नाही की त्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. हे सगळे गावाला समजत नाही असे आपण उगाच धरून चालतो. ज्या शेतकऱ्याने विहिरीचे किंवा शेततळ्याचे प्रकरण तालुक्याला नेलेले असते, त्याला फाइल कुठे अडते हे आपल्यापेक्षा जास्त कळते. त्याला फक्त आपली फाइल कुठे आहे हे सांगणारे कोणी हवे असते.

"पैसे खाल्ले" या बोलण्याला एक जुने कारणही आहे, आणि ते समितीने समजून घेतले पाहिजे. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात वर्गखोल्यांचे बांधकाम बऱ्याच ठिकाणी गावातल्या समितीमार्फतच होत असे आणि निधी समितीच्या व मुख्याध्यापकांच्या संयुक्त खात्यात येत असे. सिमेंट कोणाकडून घेतले, खडी किती आली, हे गावासमोर घडत असे, आणि त्यातून काही ठिकाणी वादही झाले. त्या पिढीच्या मनात खोली म्हणजे शाळेच्या खात्यात आलेले पैसे, हे समीकरण बसलेले आहे. आज काम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागामार्फत ठेकेदाराकडून होणार असेल, तर तो पैसा शाळेच्या खात्याला शिवतही नाही. तुमच्या बाबतीत यंत्रणा कोणती असेल हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून विचारून घ्या आणि ते पहिल्याच निवेदनात स्पष्ट लिहा. या एका वाक्याने जेवढी शंका दूर होते तेवढी दहा सभांनीही होत नाही.

प्रत्यक्ष निवेदन कसे असावे हे विचारले आहे, म्हणून तुमच्या वर्णनावरून एक मसुदा देतो. खोल्यांचे क्रमांक आणि वर्ग मी कल्पिलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला: "खोली क्रमांक ३ आणि ४ विद्यार्थ्यांसाठी बंद आहेत. त्या पाडण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव समितीच्या ठरावासह पंचायत समितीकडे दिला आहे. त्याची पोच शाळेत पाहायला मिळेल. पुढची पायरी बांधकाम उपविभागाच्या अभियंत्यांची पाहणी ही आहे. तिची तारीख अद्याप मिळालेली नाही. नव्या खोल्यांची मागणी केलेली आहे, मंजुरी मिळालेली नाही. या दोन्ही कामांसाठी कोणताही निधी शाळेच्या खात्यात आलेला नाही. तोपर्यंत तिसरीचा वर्ग समाजमंदिरात आणि चौथीचा व्हरांड्यात भरेल. बंद खोल्यांच्या भिंतींजवळ मुलांना जाऊ देऊ नये. पुढील माहिती मासिक बैठकीनंतर याच फलकावर लावली जाईल." यात एकही विशेषण नाही, कोणाचे आभार नाहीत आणि कोणावर ठपकाही नाही. "तारीख मिळालेली नाही" आणि "मंजुरी मिळालेली नाही" ही दोन वाक्ये लिहायला मुख्याध्यापक कचरतील, पण लोकांचा विश्वास नेमका याच वाक्यांमुळे बसतो.

पुढच्या महिन्यात काहीच हालचाल झाली नाही तर काय, असा प्रश्न येतोच. तरीही निवेदन लावावे, आणि त्यात "पायरी तीच आहे, समितीने अमुक तारखेला स्मरणपत्र दिले" असे लिहावे. व्यवस्थापन समितीची बैठक महिन्यातून एकदा व्हावी अशी अपेक्षा आहेच. बैठकीनंतर ठरलेल्या दिवशी अर्ध्या पानाचे निवेदन लावायचे, असा नेम ठेवला की बातमी असेल तेव्हाच बोलण्याची सवय मोडते. नेमाचा आणखी एक फायदा असा की, दर महिन्याला लेखी नोंद होत गेल्याने वर्षाअखेरीस समितीकडे पाठपुराव्याचा सलग पुरावा तयार होतो. वरच्या कार्यालयात "आम्ही वारंवार सांगितले" असे तोंडी म्हणण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो.

आता एक गोष्ट जिच्याकडे बहुतेक समित्यांचे लक्षच नसते. दरवर्षी शाळा यू-डायस प्लस या देशभरातील शाळांच्या माहितीच्या संगणकीय प्रणालीत आपली माहिती भरते. संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर असतो. त्यात वर्गखोल्या किती, त्यांपैकी चांगल्या स्थितीत किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती आणि मोठ्या दुरुस्तीच्या किती हे विचारलेले असते. स्वच्छतागृहे किती आहेत याबरोबरच चालू स्थितीत किती आहेत, उताराचा मार्ग आहे का, वीज आहे का, हेही असते. समग्र शिक्षेच्या वार्षिक नियोजनात शाळेची गरज याच माहितीवरून ठरवली जाते. समजा, तुमच्या बंद खोल्या गेल्या वर्षीच्या अर्जात चांगल्या स्थितीतील म्हणून नोंदल्या गेल्या असतील, तर कागदावर तुमच्या शाळेला खोल्यांची गरजच नाही, आणि मग प्रस्ताव कितीही वेळा पाठवला तरी तो मागे पडत राहील. हा अर्ज भरताना शिक्षकांवर घाईचे ओझे असते आणि मागच्या वर्षीचे आकडे तसेच पुढे जाणे सहज घडते. म्हणून अर्ज अंतिम करण्यापूर्वी तो समितीच्या बैठकीत वाचून घ्या, आणि त्यातील इमारत व स्वच्छतागृहांचा भाग फलकावर लावा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातील क्रमांक २७ ने सुरू होतात, आणि त्या क्रमांकावरून शाळेची मूलभूत माहिती संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. गावातल्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना हे दाखवून द्या. ते स्वतः पडताळून पाहतील, आणि चूक असेल तर तुम्हाला सांगतील.

शाळा विकास आराखड्याच्या बाबतीत मात्र सांगण्याची वेळ हीच खरी महत्त्वाची बाब आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजेच शिक्षण हक्क कायदा, २००९ मधला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचेच काम आहे. प्रत्यक्षात हा आराखडा बहुतेक वेळा मुख्याध्यापक एका रात्री भरतात आणि सदस्य सह्या करतात. मग तो गावाला वाचून दाखवण्यात अर्थ उरत नाही, कारण त्यात बदल करण्याची वेळ निघून गेलेली असते. ठरल्यानंतर दिलेली माहिती ही घोषणा असते. ठरण्यापूर्वी दिलेल्या माहितीत पालकाला काही बोलता येते. म्हणून आराखडा आर्थिक वर्षाच्या अखेरीस धरण्याऐवजी त्याच्या बरेच आधी मसुदा म्हणून लोकांसमोर ठेवावा.

तुमच्या भागात तर याला आणखी एक कारण आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. हंगामी वसतिगृह चालवायचे की नाही, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांची सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय कशी होणार, हे पालकांना निघण्यापूर्वी कळले तरच ते मूल मागे ठेवतात. हा निर्णय आणि त्याची माहिती डिसेंबरात दिली तर मुले केव्हाच कारखान्याच्या तळावर पोहोचलेली असतात. त्यामुळे तुमच्या शाळेचे माहितीचे वर्ष मी जूनपासून न धरता सप्टेंबरपासून धरीन. सप्टेंबरात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी आणि वसतिगृहाची मागणी, त्याच बैठकीत यू-डायसचा अर्ज, आणि त्याच वेळी आराखड्याचा मसुदा. जे पालक बाहेर जातील त्यांचे चालू दूरध्वनी क्रमांक निघण्यापूर्वीच घ्यावेत, आणि पुढच्या निवेदनाची ध्वनिफीत करून त्यांना पाठवावी. तळावर संध्याकाळी ऐकणे त्यांना वाचण्यापेक्षा सोपे जाते.

मसुद्यावर लोकांना बोलते कसे करावे, हेही विचारण्यासारखे आहे. "शाळेत काय हवे?" असे विचारले तर संगणक, रंगरंगोटी आणि कमान अशी उत्तरे येतात. "मुलगी शाळेत असताना तिची कोणती अडचण होते?" असे महिलांच्या बचत गटाच्या बैठकीत विचारले तर स्वच्छतागृहाचा कडी-कोयंडा तुटल्याचे, पाण्याची टाकी दुपारी संपत असल्याचे, समाजमंदिराच्या पायऱ्या पावसात निसरड्या होत असल्याचे कळते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, सुरक्षित पिण्याचे पाणी, अडथळाविरहित प्रवेश, आहार शिजवण्यासाठी स्वयंपाकगृह, क्रीडांगण आणि कुंपण यांचा उल्लेख आहेच. ती यादी शेजारी ठेवून या अडचणी तिच्यात बसवल्या की आराखडा आपोआप तयार होतो. यातील पाणी आणि स्वच्छतेची कामे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही घेता येतात, कारण वित्त आयोगाच्या अनुदानाचा काही भाग या दोन बाबींसाठीच राखून ठेवलेला असतो. त्यासाठी समितीचा ठराव ग्रामसभेपुढे गेला पाहिजे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्यांपैकी एखाद्या सभेत विषयपत्रिकेवर शाळेचा विषय आधी लेखी देऊन घ्यावा. आयत्या वेळच्या विषयांत तो टाकू नये, तिथे तो गोंधळात वाहून जातो.

पैशांविषयी थोडक्यात. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते: ३० पर्यंत पट असल्यास १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, त्यापुढे १००० पर्यंत ७५ हजार, आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. प्रत्यक्ष रक्कम टप्प्याटप्प्याने आणि उशिराही येते, म्हणून फलकावर मंजूर रक्कम न लिहिता खात्यात जमा झालेली रक्कम आणि तारीख लिहावी, व खर्चाच्या बाबी बिलांच्या क्रमांकासह द्याव्यात. लोकवर्गणी घेत असाल तर तिचा हिशेब वेगळा ठेवा, प्रत्येकाला पावती द्या, आणि देणाऱ्यांची नावे फलकावर लावताना रकमेच्या उतरत्या क्रमाने लावू नका. शंभर रुपये देणारी विधवा बाई आणि पाच हजार देणारा दुकानदार यांची नावे वर्णानुक्रमाने शेजारी आली की पुढच्या वर्षी शंभर रुपये देणारे वाढतात, असे मी पाहिले आहे.

विद्यार्थ्यांच्या उपक्रमांबाबत माझे मत मुख्याध्यापकांना कदाचित कठोर वाटेल. छायाचित्रे कमी करा आणि त्यांच्या जागी दोन प्रकारची माहिती द्या. पहिली म्हणजे संधी आणि त्यांच्या मुदती. नवोदय विद्यालयाची सहावीसाठीची प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा, आणि शाळेत आठवीचा वर्ग असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, यांचे अर्ज कधी सुटतात, कोणते दाखले लागतात, हे पालकाला वेळेवर हवे असते. शेवटच्या परीक्षेत निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, म्हणून ती सूचना अर्जाची शेवटची तारीख जवळ आल्यावर देऊन उपयोग नाही. दुसरी माहिती म्हणजे वर्ग म्हणून मुले काय शिकली आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा हेतू मुलांना तिसरीपर्यंत समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित करता यावे हा आहे. तेव्हा "दुसरीतील बहुतेक मुले आता छोटा परिच्छेद वाचतात, हातच्याची वजाबाकी अजून कच्ची आहे, पुढचा महिना त्यावर जाईल" असे दोन ओळींत लिहिले तर पालकाला घरी काय विचारायचे ते कळते. तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे जाणारे पालक इमारतीसाठी जातात त्यापेक्षा, मूल नेमके काय शिकते हे इथे कोणी सांगत नाही म्हणून जास्त जातात, असे माझे निरीक्षण आहे.

मात्र हे सांगताना एकेका मुलाचे नाव घेऊन गुण, जात, दिव्यांगत्व किंवा शिष्यवृत्तीची पात्रता गटावर कधीही टाकू नये. ते त्या पालकाला समोर बसवून सांगायचे असते. मुलांच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती लागते, ही गोष्ट आता कायद्यातही आली आहे. अपार क्रमांकासाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी, संमतिपत्र भरून घेताना ते कशासाठी आहे हे पालकांना समजावून सांगा, नुसती सही घेऊ नका. सही घेतली आणि कारण सांगितले नाही, की तिथूनही नवी अफवा निघते.

शाळा बंद होणार, ही अफवा तुमच्याकडे नसली तरी ती कधीतरी येईलच, म्हणून तिच्याविषयीही सांगतो. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत एकत्रीकरण करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून पट घसरला की वाडी-वस्तीवर ही धास्ती असते. अशा वेळी "असे काही होणार नाही" हे समितीने छातीठोकपणे सांगू नये, कारण तो निर्णय तिच्या हातात नाही. आजचा पट किती, पुढच्या वर्षी अंगणवाडीतून पहिलीत येणारी मुले किती, असे काही पत्र शाळेला आले आहे का, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटलेले आहे, एवढे खरे ते सांगावे. पत्र आलेच तर त्याच दिवशी ते वाचून दाखवावे. वाईट बातमी समितीकडून सर्वांत आधी आली तर लोक समितीच्या बाजूने उभे राहतात; इतरांकडून कळली तर समितीवर विश्वास राहत नाही, आणि मग ज्या वेळी गावाची एकी सर्वांत जास्त लागते त्याच वेळी ती नसते.

साधनांबद्दल फार लिहीत नाही. व्हॉट्सॲप गट ठेवा, पण तो प्रत माना. मूळ निवेदन कागदावर असू द्या. एक प्रत शाळेच्या फलकावर, एक ग्रामपंचायतीत, एक पिठाच्या गिरणीवर किंवा जिथे बायका थांबतात तिथे. अक्षर मोठे आणि हाताने लिहिलेले चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुलांकडून घरी वाचून घेण्याचा पर्याय चांगला आहे; चौथी-पाचवीच्या मुलांना ते निवेदन परिपाठात आधी वाचायला द्या, म्हणजे अवघड शब्द त्यांना कळतील आणि त्यांचाही सराव होईल.

आतापर्यंतचे एकत्र करून सांगायचे तर: इमारतीची पायरी दर महिन्याला, बदल नसला तरी; आराखडा आणि वसतिगृह यांची चर्चा ठरण्यापूर्वी आणि टोळ्या निघण्यापूर्वी; पैसा जमा झाल्यावर, बिलांसह; उपक्रमांत मुदती आणि शिकणे आधी, छायाचित्रे नंतर.

मुख्याध्यापकांना राजी कसे करावे, हा तुमचा शेवटचा प्रश्न होता. त्यांच्या विरोधात निवेदन लावू नका. ते समितीचे सदस्य सचिव आहेत, आणि सेवेत असल्याने वरिष्ठ कार्यालयाविषयी काय लिहिले जाते याची त्यांना काळजी असणे रास्त आहे. निवेदनाचा मसुदा बैठकीत मांडा, त्यात कोणत्याही अधिकाऱ्याचे नाव न घेता फक्त कार्यालय आणि पायरी लिहा, प्रत्येक वाक्याला आधार असलेला कागद त्याच वेळी फाइलमधून काढून दाखवा, आणि आधार नसलेले वाक्य खोडून टाका. ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि खाली अध्यक्ष म्हणून तुमची सही आधी करा. त्यामुळे माहिती देण्याची जबाबदारी एकट्या शिक्षकावर राहत नाही, ती समितीची होते, आणि बहुतेक मुख्याध्यापकांचा विरोध तिथेच मावळतो. पहिले निवेदन बंद खोल्यांविषयीचेच असू द्या. ते लावण्यापूर्वी निर्लेखनाच्या प्रस्तावाची पोच आणि अभियंत्याच्या पाहणीचा दाखला फाइलमध्ये आहे की नाही ते पाहा. दाखला नसेल तर आधी बांधकाम उपविभागाला पाहणीसाठी पत्र द्या, आणि त्या पत्राची तारीखच तुमच्या पहिल्या निवेदनात लिहा.